गाळणी कोणी बसवायची?

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सान गॅब्रिएल डोंगररांगेत, माउंट विल्सन नावाचा सुमारे १,७४० मीटर उंचीचा डोंगर आहे. जॉर्ज एलरी हेल यांनी १९०४ मध्ये तिथे वेधशाळा स्थापन केली. पुढे एडविन हबल यांनी तिथल्याच शंभर इंची दुर्बिणीतून आपल्या आकाशगंगेपलीकडेही विश्व पसरलेले आहे याचा पुरावा मिळवला. आज त्या वेधशाळेच्या शेजारी टीव्ही आणि एफएम प्रक्षेपणाच्या मनोऱ्यांचे रान माजले आहे. या पट्ट्यांतल्या रेडिओलहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात. जिथून दूरचे दिसते तिथूनच दूरवर बोलता येते. उंच जागा मोजक्या आणि बोलणारे पुष्कळ, त्यामुळे जगभर अशा माथ्यांवर प्रक्षेपण केंद्रे, पोलीस, अग्निशमन दल, पेजर कंपन्या यांची एकच गर्दी होते, आणि त्याच गर्दीत एखाद्या खोलीच्या कोपऱ्यात हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅम मंडळींचा, रिपीटर असतो. धर्मविचारातला एक जुना प्रश्न अशा ठिकाणी मोजता येईल अशा रूपात समोर येतो: कोणीही अपराध केलेला नाही, तरी कोणाला तरी इजा होते आहे, मग आवर कोणी घालायचा?

रिपीटरचे काम सांगायला सोपे आहे. गाडीतल्या किंवा हातातल्या लहान संचाचा क्षीण आवाज तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर मोठ्याने पुन्हा सांगतो. अमेरिकेत दोन मीटरच्या पट्ट्यात या दोहोंतले अंतर बहुधा ६०० किलोहर्ट्झ असते. १४६.३४ मेगाहर्ट्झवर ऐकायचे आणि १४६.९४ वर बोलायचे, तेही बहुतेक वेळा एकाच अँटेनातून. ऐकण्यासाठी ०.२ मायक्रोव्होल्टचा संकेत पुरतो, बोलताना शंभर वॉट बाहेर पडतात. या दोन शक्तींचे गुणोत्तर एकावर सतरा शून्ये इतके भरते. शेजारचे एफएम केंद्र दहा किलोवॉटचे असेल तर आणखी दोन शून्ये. अशा कोलाहलावर आपल्याकडचे नेहमीचे उत्तर श्रोत्याला उद्देशून असते: चित्त शुद्ध कर, इंद्रिये आवर, मग बाहेरचा गोंगाट तुला बाधणार नाही. स्टोइक एपिक्टेटसचा सूरही याहून फार वेगळा नाही. हे उत्तर खरे आहे, पण अर्धेच खरे आहे, आणि कोणते अर्धे ते या माथ्यांवर नेमके दाखवता येते, असे माझे म्हणणे आहे. आवर घालण्याचे कर्तव्य दोषाच्या मागोमाग जात नाही. जिथे आवर घालणे शक्य असते त्या जागी ते जाते, मग ती जागा दोषी माणसाची असो वा निर्दोष माणसाची.

आधी श्रोत्याच्या वाट्याचे बघू, कारण तो वाटा लहान नाही. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. रिपीटर ऐकतो तो १४६ च्या आसपास. दोहोंत जवळजवळ चाळीस मेगाहर्ट्झचे अंतर आहे. तरीही शेजारच्या मनोऱ्याची प्रचंड लहर रिसीव्हरच्या पहिल्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचली की तो दबून जातो आणि ज्या क्षीण हाकेसाठी तो बसवलेला असतो तीच त्याला ऐकू येईनाशी होते. हॅम मंडळी याला 'डीसेन्स' म्हणतात. इथे एफएम केंद्राकडे तक्रार घेऊन जाण्यात काही अर्थ नाही. ते आपल्या नेमून दिलेल्या जागीच बोलते आहे; नको ते आत घेणारा कान आपला आहे. उपायही आपल्याच दारात: अँटेना आणि रिसीव्हर यांच्यामध्ये कॅव्हिटी बसवायची. कॅव्हिटी म्हणजे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे, आतून बहुधा चांदीचा मुलामा दिलेले नळकांडे, आणि त्याच्या मध्यभागी लहरीच्या पाव लांबीचा, म्हणजे १४६ मेगाहर्ट्झला सुमारे अर्धा मीटर लांबीचा दांडा. ज्या वारंवारतेला तो जुळवलेला असतो ती पार जाते, बाकीच्यांना वाट मिळत नाही. 'बाकीच्यांचे' काय होते हे पाहण्यासारखे आहे. कॅव्हिटी त्यांना जिरवत नाही. बहुतांश शक्ती आल्या वाटेने परत फिरते. जैन घरांत पाणी गाळून घेतात तेव्हा फडक्यावर राहिलेले सूक्ष्म जीव सावकाश त्याच विहिरीत परत सोडण्याचा दंडक आहे. गाळण्याचा हेतू स्वतःला वाचवण्याचा आणि त्यांनाही न मारण्याचा असतो. बौद्ध भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे साधन आहे तेही याच काळजीपोटी. श्रोत्याच्या संयमाचे याहून नेमके यंत्र मला माहीत नाही: नको ते नष्ट न करता, त्याचा द्वेष न करता, फक्त त्याला आत येऊ न देणे. एफएमची ती लहर अशुद्ध नाहीच. खाली शहरात लाखो लोक तिच्यावर गाणी ऐकत असतात.

पण आता दुसरा प्रकार घ्या. कोणताही ट्रान्समीटर केवळ आपल्याच वारंवारतेवर बोलत नाही. त्याच्या मुख्य लहरीभोवती दूरवर पसरलेला एक फिकट गोंगाट असतो, आणि मध्येच कुठे कुठे चुकार लहरी. हे सगळे रिपीटरच्या नेमक्या १४६.३४ वर आले की रिसीव्हरपाशी बसवलेली कोणतीही कॅव्हिटी निरुपयोगी ठरते, कारण हवे ते आणि नको ते दोन्ही एकाच दारातून एकाच रूपात येतात. नको ते अडवावे तर हवे तेही अडते. हा गोंगाट कुठे तोडता येईल? फक्त जिथे तो जन्मतो तिथे, बोलणाऱ्याच्या अँटेनाआधी. नकोशा लहरीचा नमुना घेऊन तो उलट्या कलेने वजा करण्याची युक्ती आहे हे खरे, पण तो नमुनाही स्रोताजवळूनच मिळवावा लागतो. म्हणजे बोलणाऱ्याचे सहकार्य सुटत नाहीच. कायद्याने हे प्रकरण मिटते असे कोणाला वाटत असेल तर एक साधे गणित करावे. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाचा, म्हणजे एफसीसीचा, नियम सांगतो की एफएम केंद्राने आपल्या वारंवारतेपासून ६०० किलोहर्ट्झपेक्षा दूर सांडणारी शक्ती ठरावीक सूत्राने दाबावी, आणि मोठ्या केंद्रासाठी ती मर्यादा ८० डेसिबलवर थांबते. दहा किलोवॉटमधून ८० डेसिबल वजा केले की उरतो एक दशांश मिलिवॉट. ऐकायला नगण्य. रिपीटरच्या कानाला पुरणाऱ्या संकेताशी तुलना केली तर हे नगण्य साडेबारा हजार कोटी पट मोठे आहे. दोन अँटेनांमधल्या हवेने त्याचा लाखावा भाग केला असे धरले तरी साडेबारा लाख पट उरतेच. प्रत्यक्षात चांगली केंद्रे या मर्यादेपेक्षा बरीच स्वच्छ असतात, हे सांगायलाच हवे. पण मुद्दा मर्यादेचा आहे: नियम अक्षरशः पाळूनही शेजाऱ्याला बहिरे करता येते, आणि शेजाऱ्याने कितीही आत्मशुद्धी केली तरी त्याला ते थांबवता येत नाही.

श्रोत्याच्या साधनेची ही सीमा आपल्या अगदी जवळही दिसते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, आणि काम एकच, ऐकणे. ही दुर्बीण स्वतः काही बोलत नाही. तिच्या कानांपाशी उत्तमातले उत्तम फिल्टर बसवता येतात, पण आकाशातून येणाऱ्या संकेताच्याच वारंवारतेवर खालून कोणी ठिणग्या उडवल्या तर फिल्टरला करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून जागा निवडतानाच मानवनिर्मित रेडिओगोंगाट कमी असलेला परिसर शोधला गेला. पूर्ण एकाग्र श्रोत्यालाही शांतता काही अंशी इतरांकडून मिळावी लागते. चित्तशुद्धीवर बोलणारे लोक हे फारसे सांगत नाहीत. ऐकणाऱ्याला सहनशीलता शिकवणे स्वस्त असते, बोलणाऱ्याला संयम शिकवणे महाग, हे त्याचे एक कारण असावे असा मला संशय आहे.

तिसरा प्रकार सर्वांत गुंतागुंतीचा, आणि धर्मप्रश्न म्हणून सर्वांत मोलाचा. दोन किंवा अधिक लहरी एखाद्या अशा ठिकाणी भेटल्या की जिथे आत जाते त्याच्या प्रमाणात बाहेर येत नाही, तर तिथे त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांच्या नव्या लहरी जन्मतात. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात, बोलीत इंटरमॉड. समजा एका माथ्यावर १०१.१ आणि १०१.७ मेगाहर्ट्झची दोन एफएम केंद्रे आहेत, आणि तिथेच आपला १४६.९४ वर बोलणारा रिपीटर. १४६.९४ मध्ये १०१.१ मिळवा, १०१.७ वजा करा. उत्तर येते १४६.३४, म्हणजे रिपीटरचा स्वतःचाच कान. तिन्ही केंद्रे परवानाधारक, तिन्ही आपापल्या जागी स्वच्छ. त्यांतले कोणतेही एक बंद करा, त्रास थांबतो. कोणतेही एकटे चालू ठेवा, त्रास होत नाही. प्रत्येकाला खरेपणाने म्हणता येते की मी एकटा निरुपद्रवी आहे, आणि प्रत्येकाविषयी तितक्याच खरेपणाने म्हणता येते की हा नसता तर हे घडले नसते. कारण म्हणजे एक वस्तू नव्हे, कारणांची सामग्री पूर्ण जुळली की कार्य होते, असे नैयायिक मानतात. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे मोजली आहेत आणि केवळ स्वतःला कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही असे म्हटले आहे. अहंकार उतरवण्यासाठी सांगितलेली ही गोष्ट. माथ्यावर मात्र ती उलट्या दिशेनेही लागू पडते: केवळ दुसऱ्याला कर्ता समजणाऱ्यालाही नीट दिसत नाही. वरच्या उदाहरणात पीडित रिपीटर स्वतःच तीन कारणांपैकी एक आहे. शिवाय दोन एफएम लहरी अँटेनातून उलट्या शिरून ज्या ठिकाणी भेटतात ते ठिकाण पुष्कळदा त्याच्याच ट्रान्समीटरचा शेवटचा ॲम्प्लिफायर असतो. तक्रारदाराच्याच घरात गुन्हा घडतो आहे, आणि त्याला त्याची कल्पना नाही.

मग हे मिश्रण आपल्या रिसीव्हरमध्येच होते की त्याच्या बाहेर, हे कळायचे कसे? रेडिओच्या धंद्यात यासाठी एक चाचणी आहे आणि मला ती आत्मपरीक्षणाच्या पुष्कळ प्रवचनांहून अधिक शिकवणारी वाटते. रिसीव्हरच्या वाटेत ३ डेसिबलचा ॲटेन्युएटर घालायचा, म्हणजे आत येणारे सगळेच निम्मे करायचे. त्रासदायक लहर बाहेर कुठेतरी तयार होऊन येत असेल तर तीही निम्मी, म्हणजे ३ डेसिबलने कमी होते. ती रिसीव्हरच्याच पोटात तयार होत असेल तर तिसऱ्या क्रमाची, म्हणजे तीन घटकांच्या मिश्रणातून झालेली, लहर ९ डेसिबलने घसरते, पाचव्या क्रमाची १५ ने, कारण ती ज्या लहरींच्या गुणाकारातून जन्मते त्या प्रत्येक घटकाला कात्री लागलेली असते. दोन एफएम केंद्रांच्या लहरी आपसांत मिसळून दोन मीटरच्या पट्ट्यात यायच्या तर पाचवा क्रम लागतो: १०७.५ ची तिप्पट वजा ८८.५ ची दुप्पट बरोबर १४५.५. या चाचणीत 'दोष माझा की त्याचा' हे मनोवृत्तीवर सोडलेले नाही. स्वतःचे ग्रहण थोडे कमी करून बघायचे आणि त्रास किती पटीने कमी होतो ते मोजायचे. ग्रहणापेक्षा अधिक पटीने कमी झाला तर त्याचे मूळ आपल्या रिसीव्हरमध्ये आहे. सगळा दोष स्वतःकडे ओढून घेणारी विनम्रता आणि सगळा दोष जगावर टाकणारा संताप, दोन्ही इथे सारखेच आळशी ठरतात, कारण दोघांनीही मोजलेले नसते.

सर्वांत अवघड जागा मात्र कोणाच्याच मालकीची नसते. मनोऱ्याच्या ताणदोराचा गंजलेला क्लँप, कुंपणाच्या जाळीचा सैल सांधा, कधीकाळी काढून टाकलेल्या अँटेनाचा तसाच लोंबत राहिलेला पत्रा. गंजाचा थर दोन धातूंच्या मध्ये आला की तो सांधा जुन्या गॅलेना रेडिओतल्या स्फटिकासारखा वागतो आणि आसपासच्या साऱ्या लहरींचे मिश्रण करून ते पुन्हा हवेत सोडतो. रिसीव्हरचा फिल्टर इथे चालत नाही, कारण आलेली लहर नेमक्या आपल्या वारंवारतेवर असते. ट्रान्समीटरचा फिल्टरही चालत नाही, कारण प्रत्येक ट्रान्समीटर स्वच्छच आहे. कोणीतरी माथ्यावर फिरून एकेक सांधा हलवून बघावा लागतो, मग तो घासून जोडावा किंवा पूर्ण वेगळा करावा लागतो. हेतू नसलेल्या, जवळजवळ अटळ अशा इजेविषयी आपल्या परंपरेत एक विलक्षण विचार आहे: गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने. चूल, दळण्याचा दगड, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. जगण्यासाठी ही पाचही हवीत, आणि पाचही रोज लहान जीव मारतात. त्यावर उपाय सांगितला आहे तो चूल विझवण्याचा नाही, रोजच्या पाच महायज्ञांचा. ही मांडणी मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे, आणि महाराष्ट्रात त्या ग्रंथाचे नाव घेताना २५ डिसेंबर १९२७ ला महाडला झालेले त्याचे दहन आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, जाऊही नये. त्या ग्रंथाच्या समाजरचनेशी माझे काही देणेघेणे नाही. पण अपराधाविना कर्तव्य असू शकते, आणि ते एकदाचे प्रायश्चित्त नसून रोजची निगा असते, ही जाणीव तिथे आहे आणि ती गंजलेल्या सांध्याला चपखल बसते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी, जोडली आहे. तो सांधा गंजणे हा प्रमाद नाही. त्यातून काय निघते हे कळल्यावर तो तसाच ठेवणे हा प्रमाद आहे.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा: प्रक्षेपण केंद्रांनी परवान्यासाठी पैसे मोजले आहेत, नियम पाळले आहेत, हौशी माणूस छंदापायी त्यांच्या मनोऱ्यावर आला आहे, त्याने आपले बघावे. यातला अर्धा भाग वस्तुस्थितीलाच धरून नाही. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर मुख्यतः हौशी सेवेचाच आहे, अमेरिकेत तर १४८ पर्यंत. वारंवारतेच्या नकाशावर तो पाहुणा नाही. पाहुणा आहे तो मनोऱ्यावर. आणि कायदाही 'नियम पाळला की जबाबदारी संपली' असे म्हणत नाही. एफसीसीच्या नियमांत नव्याने सुरू झालेल्या एफएम केंद्राने आपल्या ११५ डीबीयू तीव्रतेच्या परिघातल्या घरांच्या रेडिओ-टीव्हीला होणाऱ्या त्रासाच्या पहिल्या वर्षातल्या तक्रारी स्वखर्चाने मिटवायच्या असतात, केंद्राने कोणताही नियम मोडलेला नसला तरी. ही तरतूद घरगुती श्रोत्यांसाठी आहे, रिपीटरसाठी नव्हे. पण इजा आणि अपराध वेगळे काढून कर्तव्य इजेला बांधण्याचे तत्त्व तिच्यात स्पष्ट आहे. दोन रिपीटर एकमेकांना त्रास देऊ लागले तर हौशी सेवेचे नियम दोघांनाही सारखेच जबाबदार धरतात. एकाच्या वारंवारतेला वारंवारतांचा मेळ घालणाऱ्या समन्वयकाची शिफारस असेल आणि दुसऱ्याच्या नसेल तरच शिफारस नसलेल्यावर मुख्य भार येतो. आधी कोण आले याला इथेही काही वजन आहे, आणि ते असणे रास्तच आहे. नवा येणारा सामग्री पूर्ण करतो, शेवटचा दुवा त्याच्या हातून जुळतो. पण वजन असणे म्हणजे सगळा भार असणे नव्हे. नव्याने कितीही केले तरी जुन्याच्या ट्रान्समीटरवर फिल्टर फक्त जुनाच बसवू देऊ शकतो.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. शुद्ध-अशुद्ध, गाळणे, आत येऊ न देणे: ही भाषा या देशात निरागस नाही. सोवळ्याच्या नावाखाली माणसांना विहिरींपासून आणि तळ्यांपासून दूर ठेवले गेले. महाडचे चवदार तळे हा त्याचाच इतिहास. फिल्टरला धर्माचे रूपक केले तर तेच सोवळे तांत्रिक वेषात परत येत नाही का? येऊ शकते, म्हणून दोहोंतला फरक नेमका सांगितला पाहिजे. सोवळे पाळणारा मर्यादा दुसऱ्यावर घालतो: तू दूर राहा, तू शिवू नकोस. ट्रान्समीटरवरचा फिल्टर बसवणारा मर्यादा स्वतःच्या बोलण्यावर घालतो. सोवळ्यात अशुद्धता जन्माने चिकटते. माथ्यावर कोणतीच लहर जन्माने अशुद्ध नाही, एकाचा कार्यक्रम तोच दुसऱ्याचा गोंगाट, आणि तोही अमुक जागी, अमुक वेळीच. सर्वांत मोठा फरक परिणामाचा आहे. सोवळ्याने पाणवठे वेगळे झाले. डुप्लेक्सर नावाच्या कॅव्हिटींच्या संचामुळे बोलणारा आणि ऐकणारा एकाच अँटेनावर राहतात. भारतातही एका शहरातल्या खासगी एफएम वाहिन्या एकाच मनोऱ्यावरून कंबायनरमधून प्रक्षेपित होतात, आणि कंबायनर म्हणजे प्रत्येक वाहिनीसाठी जुळवलेल्या फिल्टरांचीच जुळणी. जी गाळणी एकत्र राहणे शक्य करते ती आणि जी वेगळे राहणे सक्तीचे करते ती, यांना एका नावाने हाक मारणे हा विचारातला आळस आहे.

तिसरा आक्षेप असा की या न्यायाने कर्तव्याला अंतच नाही. प्रत्येक बोलण्याने कोणाला तरी त्रास होणारच, तर मग सगळ्यांनी गप्पच बसायचे? याचे उत्तर फिल्टरच्या स्वतःच्या घडणीत आहे. कोणतीही कॅव्हिटी नको ते अडवताना हव्या त्यातलेही थोडे खाते. डुप्लेक्सरमध्ये दीड डेसिबल गेले तर शंभर वॉटचे एकाहत्तर उरतात. गाळण अधिक अरुंद करावी तर ही किंमत वाढते, आणि संकेताला पार व्हायला वेळही अधिक लागतो. पट्टा अरुंद करत शून्यावर नेला तर गाळणी पूर्ण शुद्ध होईल, पण तिच्यातून काहीच कधी बाहेर येणार नाही. पूर्ण शुद्धीची मागणी म्हणजे न ऐकण्याची मागणी. त्यामुळे किती गाळायचे याला एक मोजता येणारी मर्यादा आपोआप पडते: जेवढ्याने दुसऱ्याचे ऐकणे पुन्हा शक्य होते तेवढे, त्यापुढे नाही. माथ्यावर आधीच इतका नैसर्गिक आणि विद्युत गोंगाट असतो की त्याच्या खाली दाबलेला गोंगाट आणखी दाबण्यात कोणाचेच हित नसते. अहिंसेवर नेहमी घेतला जाणारा आक्षेपही, की ती शेवटी श्वास घेणेही अशक्य करील, अशाच हिशेबाने सुटत असावा, पण तो वेगळा विषय आहे.

उरतो एक चतुर युक्तिवाद: सगळेच जबाबदार म्हणजे कोणीच जबाबदार नाही. सामायिक पाण्याचे, हवेचे, शांततेचे वाटोळे होते ते बहुधा याच वाक्याच्या आडून. दोषाच्या हिशेबाने गेलो तर ते वाक्य खरेही ठरते, कारण तीन निर्दोषांत दोष वाटता येत नाही. शून्याचे तीन भाग शून्यच. जागेच्या हिशेबाने गेलो तर गोंधळ राहत नाही. रिसीव्हर दबतो आहे, तर फिल्टर ऐकणाऱ्याने बसवायचा. गोंगाट नेमक्या वारंवारतेवर सांडतो आहे, तर बोलणाऱ्याने. लहरी एखाद्या ॲम्प्लिफायरमध्ये उलट्या शिरून मिसळत आहेत, तर तो ॲम्प्लिफायर ज्याचा त्याने तिथे आयसोलेटर बसवायचा. आयसोलेटरमधला फेराइट बाहेर जाणाऱ्याला वाट देतो आणि उलट येणाऱ्याला डमी लोडमध्ये वळवून त्याची उष्णता करतो. त्या फेराइटमधूनही थोड्या नव्या लहरी निघतात, म्हणून त्याच्यापुढे आणखी एक फिल्टर लागतो. संयमाच्या साधनालाही संयम लागतो, हे धर्मशास्त्राला नवे नसावे. गंज कुंपणात असेल तर जागेच्या मालकाने. सुव्यवस्थित माथ्यांवर हे प्रत्यक्षात असेच चालते: तिथे पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक ट्रान्समीटरला, हौशी असो वा व्यावसायिक, आयसोलेटर आणि कॅव्हिटी बसवूनच यावे लागते. त्याने अजून कोणाला त्रास दिला आहे का, असे कोणी विचारत नाही.

कर्तव्य कोणाचे ते ठरल्यावरही खर्च कोणाचा हा प्रश्न राहतो, आणि तिथे मला समानता न्याय्य वाटत नाही. शंभर वॉटच्या रिपीटरसाठी लागणारी कॅव्हिटी हौशी मंडळाच्या वर्गणीतून घेता येते, जुन्या बाजारातूनही मिळते. दहा किलोवॉट पेलणारा फिल्टर वेगळ्याच मापाचा आणि वेगळ्याच किमतीचा असतो, आणि तो ज्याच्या कानाला हवा आहे त्याला परवडत नाही. फिल्टर बोलणाऱ्याच्या यंत्रावर बसायचा आहे, फायदा ऐकणाऱ्याचा आहे, आणि कमाई मनोऱ्याच्या मालकाची चालू आहे. तेव्हा ही रक्कम जागेच्या भाड्यात धरावी, जो जितक्या शक्तीने बोलतो त्या प्रमाणात त्याच्याकडून घ्यावी, आणि दर पावसाळ्यानंतर क्लँप, ताणदोर आणि कुंपण हलवून बघण्याची मजुरीही त्यातच असावी. प्रक्षेपण केंद्रांच्या हिशेबनिसांना हे पटवणे सोपे जाणार नाही.